म्हणे सगळं आम्ही सांभाळतो!

होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हर भाड्यानं देण्याच्या, जाहिराती लिहिणाऱ्या माणसाला एकदा धरून आणून कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारात उभा करायला पाहिजे. "तुम्ही फक्त धंदा बघा, सर्व्हरचं टेन्शन आमच्यावर सोडा." सोडलं की! चांगले चौपट पैसे मोजून सोडलं. आणि साइट पडली तेव्हा तिकडून उत्तर काय आलं, तर "तुमच्या साइटवर एकाच वेळी फार लोक येत आहेत." गिऱ्हाईक येतंय ही तक्रार झाली होय? दुकान कशासाठी टाकलंय मग, माश्या मारायला?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून इथल्या दुकानदारांच्या वेबसाइट बघते. कांदा-लसूण मसालावाले आहेत, गूळवाले आहेत, हुपरीचे चांदीवाले आहेत आणि एक आमचे चपलांचे मामा. मॅनेज्ड होस्टिंग घेण्यामागं या सगळ्यांचा हिशोब एकच असतो: वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर), पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिलंय ती), सुरक्षेचे पॅच, बॅकअप, कॅश (पटकन दाखवायला तयार ठेवलेल्या पानांच्या प्रती) ही रोजची उस्तवार दुसऱ्या कुणीतरी करावी आणि रात्री-अपरात्री साइट पडली तर उठवायला तिकडं माणूस जागा असावा. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो साइट कोंबलेल्या असतात. शेजारच्यानं स्पॅम पाठवला की सगळ्यांचा मिळून असलेला सर्व्हरचा पत्ता (आयपी) काळ्या यादीत, आणि आपल्या ऑर्डरचे मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. त्या कटकटीतून सुटायचं म्हणून हा खर्च. काही चैन म्हणून नव्हे.

मग आला २०२५ चा जून. प्राडानं मिलानच्या शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर चालवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली चप्पल, बरं का. सगळीकडं बोंबाबोंब झाली आणि जो तो गूगलवर 'खरी कोल्हापुरी' शोधायला लागला. मामांना जन्मात परवडली नसती अशी जाहिरात फुकटात झाली. आणि त्याच वेळी साइटवर पांढरं पान, त्यावर '५०४ गेटवे टाइमआउट', म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तरच दिलं नाही.

मामांचा फोन. "ताई, आवो लोकं इचाराय लागल्यात, दुकान बंद केलं काय म्हणून. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतंय पैसे कट झालं पण ऑर्डर दिसंना. बघा की वो कायतरी!"

बसले चॅटवर. आधी बॉट, मग रांग, मग माणूस. सुरुवात 'डिअर सर'नं. माझं नाव वर ठळक दिसतंय, तरी सरच. तो वेगळा राग, तो बाजूला ठेवते. मी लिहिलं, चेकआउट पडलंय, लाइव्ह दुकान आहे, ऑर्डरी जातायत. तो म्हणतो, तुमची गैरसोय मी समजू शकतो. मग नुसती ती तीन टिंबं हलत राहतात. आणि एवढा वेळ टाइप करून साहेबांचा सल्ला काय? "कृपया सगळी प्लगिन्स बंद करा, डिफॉल्ट थीम लावा आणि पुन्हा तपासा." भरदुपारी! अहो, प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जादा तुकडा, आणि अख्खं दुकान चालवणारं वूकॉमर्स हे स्वतःच प्लगिन आहे. पेमेंट गेटवे प्लगिन, कुरिअरचे दर काढणारं प्लगिन. ती बंद केली की उरतं काय, अंबाबाईचा फोटो आणि दुकानाचा पत्ता? हे त्याला समजावून सांगेपर्यंत त्याची शिफ्ट संपली. नवा माणूस आला. नव्या माणसाचं पहिलं वाक्य: "डिअर सर, कृपया सगळी प्लगिन्स बंद करा."

शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, काढून कारण मीच त्यांना दाखवलं. साधी पानं कॅशमधून जातात, त्यांच्यासाठी पीएचपीला हातही लावावा लागत नाही. पण कार्ट आणि चेकआउट प्रत्येकाचं वेगळं, ते कॅश करता येत नाही. तशा प्रत्येक विनंतीला एक पीएचपी वर्कर (सर्व्हरवरचा एका वेळी एकच काम करणारा गडी) लागतो आणि काम होईपर्यंत तो तिथंच अडकून राहतो. सगळे वर्कर अडकले की पुढचे रांगेत, रांग तुंबली की ५०४. एवढा साधा विषय. आता प्लॅनच्या पानावर वर्कर किती ते शोधून दाखवा. नाहीच! 'अनलिमिटेड बँडविड्थ' मात्र बोटभर जाड अक्षरात. म्हणजे मिसळीला रस्सा पाहिजे तेवढा ओता, पण हॉटेलात बाकडं दोनच. वर्कर वाढवायचे तर वरचा प्लॅन घ्या, म्हणाले. तो विकायला सेल्सवाला लगेच फोनवर, तेही मराठीत. सपोर्टला फोन नाही, सेल्सला आहे.

त्यात 'महिन्याला इतक्या व्हिजिट' ही अट. वर गेलात की जादा बिल. व्हिजिट मोजणार कोण? तेच. मी लॉग चाळला तर माणसं कमी आणि बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, जास्त. जीपीटीबॉट, बाइटस्पायडर, एसईओवाल्यांची आणखी दहा भुतं. फिल्टरचा एकेक दुवा चाटून पुसून नेतायत: तपकिरी, साइज आठ, काळी, साइज आठ, तपकिरी, साइज नऊ, करकर वाजणारी, बिनकरकरीची. यातल्या एकानंही आजवर मामांकडून जोड घेतलेला नाही. पायच नाहीत त्यांना! पण बिलात सगळे गिऱ्हाईक म्हणून मोजलेले. बॉट अडवणं हे यांचं काम की माझं? विचारलं तर म्हणाले, तुम्ही सिक्युरिटीचं ॲडऑन घेऊ शकता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. एका रात्री यांनी न विचारता, न कळवता सर्व्हरवरची कॅश यंत्रणा बदलली. सकाळी इचलकरंजीच्या एका बाईंनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. चेकआउटच्या फॉर्ममध्ये नाशिकच्या कुणाचं तरी नाव, घराचा पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर, सगळं आपोआप भरून आलेलं. बाई बिचाऱ्या विचारतात, "हे कोण? माझी ऑर्डर यांच्याकडं जाणार का?" घाम फुटला मला. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशमधून वगळायची, हे वूकॉमर्सच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. वर्डप्रेसचे तज्ज्ञ म्हणवून पैसे घेणाऱ्यांना ते माहीत नसावं? त्यांचं उत्तर आलं, "समस्या सोडवली आहे, आपल्या संयमाबद्दल आभार." संयम गेला खड्ड्यात! २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा जरा. माहिती गोळा करणारा जबाबदार, काम बाहेरून करून घेतलं असलं तरी. म्हणजे चूक यांची, आणि उत्तर द्यायचं मामांनी, ज्यांना अजून पासवर्ड वहीत लिहून ठेवावा लागतो.

बॅकअपचं तर विचारूच नका. रोज बॅकअप होतो, खरं आहे. पण परत आणायचा तर अख्खी साइट, डेटाबेससकट. रात्रीचा बॅकअप दुपारी टाकला की सकाळपासूनच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. नुसतं एक टेबल, म्हणजे डेटाबेसातला एकच तक्ता, द्या म्हटलं तर "हे आमच्या सेवेच्या कक्षेत येत नाही." बॅकअप ठेवता कुठं, विचारलं तर त्याच डेटा सेंटरमध्ये. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा कित्येकांची साइटही गेली आणि शेजारीच ठेवलेला बॅकअपही गेला. त्याच वर्षी जुलैत पंचगंगा शहरात शिरली होती. इथल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, तो मालाची चोपडी मालाबरोबर तळमजल्यावर ठेवत नाही.

बरं, सोडून दुसरी कंपनी बघावी म्हटलं तर ती आणखी एक डोकेदुखी. 'टॉप टेन होस्टिंग' म्हणून जे जे सापडतं, त्यातलं बहुतेक कमिशनवर चालतं. दुव्यावरून गिऱ्हाईक गेलं की लिहिणाऱ्याला पैसे, म्हणून जो कमिशन जास्त देतो तो पहिल्या नंबरवर. यूट्यूबवरचा दादा तर व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात कुपन कोड देतो आणि सर्व्हर शेवटपर्यंत उघडत नाही. दर दिसतो महिन्याचा, भरायचे तीन-चार वर्षांचे एकदम, शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी, आणि मुदत संपली की रिन्यूअल दामदुप्पट. ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू राहण्याची, हमी? हिशोब करा, वर्षाला जवळपास पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी हमी मोडत नाही. ते पावणेनऊ तास गणपतीच्या आदल्या दिवशी आले तर? त्यापेक्षा जास्त पडली तर पुढच्या बिलात चिल्लर सूट. बुडालेल्या ऑर्डरीचं काय, ते विचारायचं नाही.

महागातलं घेतलं की सुटलो असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात ट्रेडमार्कवरून जुंपली, आणि जिथून प्लगिन आणि त्यांची अपडेट येतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गचा दरवाजाच डब्ल्यूपी इंजिनला बंद झाला. त्यांच्या गिऱ्हाइकांची प्लगिन अपडेट अडकली. डिसेंबरात अमेरिकेतल्या कोर्टानं तो दरवाजा उघडायला लावला. भांडण त्यांचं, डोक्याला शॉट दुकानदारांच्या.

आता मामांची साइट हलवायची आहे. नव्या कंपन्यांच्या सेल्सवाल्यांना मी ठरवून तेच विचारते: पीएचपी वर्कर किती, बॉट व्हिजिटमध्ये धरता का, एकच टेबल परत देता का, बॅकअप दुसऱ्या शहरात आहे का. तोंडी सगळे 'हो सर, हो सर' करतात. मेलवर लिहून द्या म्हटलं की गायब. 'फुकट मायग्रेशन'ची जाहिरातही अशीच. आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मेल आणि डीएनएस (साइटचं नाव नव्या सर्व्हरला जोडणं) तुमचं तुम्ही बघायचं.

तर, कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात कुणाला असा होस्टवाला माहीत असेल, जो वर्करचा आकडा लिहून देतो आणि साइट पडल्यावर फोन उचलतो, तर नाव कळवा. सर्व्हर मुंबईत असला तर उत्तमच. दिवाळीच्या आत हलवायचंय. आणि कुपन कोडवाल्यांनो, तुम्ही तेवढे लांबच राहा, नाहीतर मामांचा नंबर देईन.