"मुद्दाम करतोय" असं कुणी म्हटलं की मी आधी वेळापत्रक मागते

दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनाला, आमचा, म्हणजे स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्यांचा, कुठे ना कुठे सत्कार होतो. शाल, श्रीफळ, हल्ली तुळशीचं रोप. अध्यक्ष हमखास म्हणतात, "हे काम म्हणजे प्रत्यक्ष देवाची सेवा." यंदा शेजारी बसलेली मैत्रीण टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटली, "सेवाच म्हणायची. फेब्रुवारीचा पगार अजून झालेला नाही." आम्ही दोघी हसलो आणि फोटोसाठी उभ्या राहिलो.

मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांवर किती ताण असतो यावर लिहिलं जातं, आणि अजून लिहिलं जायला हवं. पण त्यांच्यासोबत काम करणारे शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, शाळेत मुलाच्या शेजारी बसून त्याला मदत करणाऱ्या शॅडो टीचर, मदतनीस मावशी यांच्याबद्दल आम्ही स्वतःसुद्धा बोलत नाही. बोललं की "मग हे क्षेत्र निवडलंच कशाला?" हे ठरलेलं. बऱ्याचदा ते घरातूनच येतं.

शरीराचं आधी सांगून टाकते. सकाळी केस घट्ट अंबाड्यात. कानात काही नाही, हातात बांगड्या नाहीत. मंगळसूत्र पर्समध्ये, कारण घाबरलेल्या मुलाच्या मुठीत आलं तर ते तुटतं किंवा आपली मान कापतं. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. त्यामुळे ती घरातून घालून निघते, सेंटरच्या जिन्यात काढते आणि संध्याकाळी जिन्यातच पुन्हा घालते. मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते. दंडावरची चावल्याची खूण दिसली की बसमधल्या बायका विचारतात, आणि खरं सांगितलं की न पाहिलेल्या मुलाला नावं ठेवतात. ते ऐकायला नको म्हणून बाह्या.

गुडघे आणि कंबर दुखते. पण त्यानं माणूस मोडत नाही. मूल का चावलं हे आम्हाला बहुतेक वेळा कळतं. शेजारच्या खोलीत ड्रिल सुरू झालेलं असतं, दाढ दुखत असते आणि सांगता येत नसतं, रोजचा रस्ता सोडून रिक्षा दुसरीकडून आलेली असते. त्याचा राग येत नाही.

थकवतं ते शांत राहणं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, मुलाला त्याच्या अंगातली घालमेल एकट्यानं आवरता येत नाही. समोरच्या मोठ्या माणसाचा आवाज, श्वास, हालचाल खाली आली तर त्याची खाली यायची शक्यता वाढते. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांची 'लो अराउझल' पद्धत यावरच उभी आहे: मागण्या कमी करा, शब्द कमी करा, अंतर ठेवा, रोखून बघू नका. ऐकायला सोपं आहे. छातीत धडधडत असताना, खोलीच्या काचेतून त्याची आई बघत असताना चेहरा सैल आणि आवाज मऊ ठेवायचा, हे मात्र मेहनतीचं काम आहे. ते दिवसभर करायचं आणि एक मूल शांत झालं की लगेच दुसऱ्याच्या चपला दाराबाहेर आलेल्या असतात. मधे पाणी प्यायला मिळालं तर दिवस बरा.

त्यात दाराशी विचारलेले प्रश्न. "ताई, बोलेल ना हो हा?" आणि मूल मोठं झालं की, "आमच्यानंतर याचं कोण?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे कागदोपत्री उत्तर आहे. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज कसा करायचा तेही मी सांगते. आई मान हलवते. तिला कागद नको असतो हे मला कळतं, पण माझ्याकडे तेवढंच असतं. तो प्रश्न मग माझ्यासोबत घरी येतो, आणि रात्री साडेअकराला त्याच आईचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो: "मॅडम, आज पुन्हा डोकं आपटतोय, काय करू?" उत्तर न देणारी शिक्षिका वाईट ठरते. देणारी सकाळी उशिरा उठते.

आता मुद्द्याचं. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट अशी, की थकलेल्या माणसाची भाषा थकल्याचं दिसायच्या आधी बदलते. काल "त्याला आवाज सहन झाला नाही" म्हणणारी व्यक्ती आज म्हणते, "नाटकं करतोय." "सगळं कळतं त्याला, मुद्दाम करतोय." मुलाच्या नावाऐवजी "तो चावणारा" किंवा पाचच्या सेशनचा म्हणून "पाचवाला" असं सुरू होतं. ही माणसं दुष्ट नसतात. बऱ्याचदा त्या सेंटरमधली सगळ्यात मन लावून काम करणारीच असतात.

क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासोबत बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं माणूस आतून संपून जाणं, मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी होत्या: भावनिक थकवा, समोरच्याला माणूस म्हणून न बघता येणं आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असं वाटणं. आम्ही पहिलीबद्दल थोडंफार बोलतो, तिसरीबद्दल चहा पिताना रडतो. दुसरीचा उच्चारही करत नाही, कारण त्यात लाज आहे. खरं तर तिथेच आधी बघायला हवं, कारण तिची किंमत मूल मोजतं. "मुद्दाम करतोय" असं एकदा मनात बसलं की हात जरा जास्त घट्ट धरला जातो, पाणी मागितल्यावर "आधी काम संपव" म्हटलं जातं, कान झाकणारा हात खाली ओढला जातो. बोलता न येणारं मूल हे घरी जाऊन सांगणार नसतं. म्हणून कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीकडे मी लाड म्हणून बघत नाही. ती मुलाच्या सुरक्षिततेची बाब आहे, आणि हे मी कुठल्याही संचालकाला तोंडावर सांगते.

आम्ही एबीसी तक्ता भरतो. वर्तनाच्या आधी काय घडलं, वर्तन काय होतं, नंतर काय झालं. तीन रकाने. खोलीतला मोठा माणूस त्यात कुठेच नसतो, जणू मूल हवेत एकटंच चिडलं. मी चौथा रकाना आखला: सेशन घेणाऱ्याचं हे आजचं कितवं, जेवण झालंय का, याआधीच्या तासाला काय घडलं होतं. सुरुवातीला सेशन घेणाऱ्या मुलींना वाटलं मी हजेरी घेतेय. मग त्यांनाच तक्ता वाचता यायला लागला. एका मुलाची सगळी "अवघड" सेशनं उशिरा दुपारची होती, आणि ती घेणारी मुलगी त्या दिवशी सकाळपासून सलग बसलेली, डबा न उघडलेली. वेळ बदलली. मुलगा जादूनं बदलला नाही, त्याच्या अडचणी होत्या तिथेच आहेत. पण "मुद्दाम" हा शब्द थांबला.

मावशींचा विषय मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. शी-शू, अंघोळ, भरवणं, वयात आलेल्या मुलीची पाळी, सत्तर किलोच्या मुलाला जिन्यावरून सांभाळून खाली आणणं हे सगळं त्या करतात. मूल घाबरलं की अनेकदा पळत त्यांच्याच पदराला जातं. पगार सगळ्यात कमी, आणि प्रशिक्षण असलं की त्या बाहेर चहाचे कप मांडत असतात. एका मावशींना मी विचारलं, "तुम्हाला कधी रडू येतं का हो?" त्या म्हणाल्या, "येतं की. भांडी घासताना. नळाचा आवाज असतो." त्यावर मी काय बोलणार? आमच्या तज्ज्ञ मंडळींच्या ताणावर व्याख्यानं तरी होतात. त्यांना तर कुणी तज्ज्ञांच्या यादीतच धरत नाही.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून दुचाकीवर फिरणारे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा. तालुक्यात काम करणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांना हे प्रमाण ऐकवलं की ते आधी हसतात आणि मग आपल्याकडच्या शाळांची नावं मोजायला लागतात. वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करून पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही या काळजीत असलेल्या माणसाला "मन शांत ठेवा" सांगायला जीभ रेटत नाही.

पण सांगितलं जातं. सेल्फ-केअरच्या कार्यशाळा आता बऱ्याच होतात, रविवारी, म्हणजे आमच्या एकमेव सुट्टीच्या दिवशी. डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा, कृतज्ञतेची डायरी लिहा. योगासनांना माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यामुळे घडणारी गोष्ट म्हणून. म्हणजे डायरी लिहायचीच असेल तर वेळापत्रक लावणाऱ्यानं लिहावी.

मला काम करताना दिसलेले उपाय फार साधे आहेत. दोन सेशनच्या मधे दहा मिनिटं, आणि ती नोंदी लिहिण्यासाठी नव्हेत. अंगानं मोठ्या मुलासोबत खोलीत दोन माणसं. मदतीसाठी हात वर केला की दुसऱ्यानं येऊन जागा घ्यायची, प्रश्न नंतर. आम्ही मुलांना 'ब्रेक हवा' हे कार्ड दाखवायला महिनोन्‌महिने शिकवतो आणि ते दाखवलं की मान ठेवतो. तसाच मान शिक्षिकेच्या हाताला मिळायला हवा. मेल्टडाउन संपल्यावर पहिला प्रश्न "तू काय केलंस?" नसावा. "लागलंय का? बसतेस का जरा?" इतकंच विचारावं, बाकीचं विश्लेषण दुसऱ्या दिवशी. समुपदेशकांना स्वतःच्या केसेसबद्दल वरिष्ठांशी नियमित बोलायची शिस्त असते. ती आमच्याकडे यायला हवी, आणि ऐकणारी व्यक्ती पगारवाढ ठरवणारी नसावी. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी टिकवायला आम्ही प्रशिक्षणाचे गुण जमवतच असतो. त्यातली एखादी कार्यशाळा यावर असली तर आनंदानं जाईन. आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा फक्त.

पालकांनाही एक विनंती. रात्रीचा मेसेज जरूर पाठवा, उत्तर सकाळी येईल हे धरून. खरोखर आणीबाणी असेल तर फोन करा, आम्ही उचलतो.

या पोस्टमुळे स्वमग्न माणसं म्हणजे ओझं असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून हेही लिहिते. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्याला ते कळत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या पद्धतीनं वागून, हात हलवायची ऊर्मी दाबून, नजर मिळवायचा आटापिटा करून ती माणसं किती थकतात हे बोलू-लिहू शकणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांनी पुष्कळ सांगितलंय. त्यांच्यावर ती सक्ती आहे, आमची ती नोकरी आहे, दोन्ही एका तागडीत घालणार नाही. पण माझा एक अनुभव आहे. मुलाला नजर मिळवायला लावायचं सोडलं, 'शांत बस' हे उद्दिष्ट कागदावरून खोडलं, तेव्हा मुलाची दमणूक कमी झाली आणि माझीही. आमचा बराच थकवा नको त्या उद्दिष्टांमागे धावण्याचा असतो, आणि ती उद्दिष्टं शाळेला किंवा नातेवाइकांना दाखवायला लिहिलेली असतात.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागेल. आमच्याकडे या वेळी मावशींच्या नावाचाही एक रिकामा तास मागितलाय, बघू काय होतंय. तुमच्या सेंटरमध्ये, शाळेत कुणी असं काही केलं असेल तर खाली लिहा. विशेषतः तालुक्याला एकट्यानं काम करणाऱ्यांनी लिहा, कारण हात वर केला तर जागा घ्यायला दुसरं माणूसच नसेल तेव्हा काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.