बर्फ राहू द्या, बटाट्याचं सॅलड घ्या

डिसेंबर लागला की खान्देशात नाताळावरून दोन वाद हमखास निघतात. पहिला चारचौघांतला: शाळेत पोरांना सांताक्लॉजचे कपडे घालायचे का, २५ तारखेला तुळशीपूजन करायचं की केक कापायचा, आणि मुळात हा सण आपला की परका. दुसरा ख्रिस्ती घरांतला, जरा दबक्या आवाजातला: करंज्या-चकल्या म्हणजे दिवाळीचं फराळ, ते नाताळात कशाला? त्यापेक्षा ‘खरा’ नाताळ करावा. झाडावर कापसाचा बर्फ, प्लम केक, जमलं तर ओव्हनमध्ये भाजलेली अख्खी कोंबडी. (त्या बर्फातला कापूस तेवढा अस्सल खान्देशी.) एक वाद सणाला परका ठरवतो, दुसरा आपल्याच चुलीला. जर्मनीतून पाहताना जाणवतं ते हे की दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे: तिकडे कुठेतरी एक अस्सल नाताळ आहे.

तसा तो नाही. जर्मनीत भेटवस्तू २४ च्या संध्याकाळी उघडतात, इंग्लंडात २५ च्या सकाळी. पोलंडमध्ये २४ च्या रात्री बारा पदार्थ मांडतात आणि त्यात मटण-चिकन चालत नाही. सर्बियाचा नाताळ ७ जानेवारीला. आणि ‘हा सण आपला नाही’ हे म्हणणारे पहिले लोक तर ख्रिस्तीच होते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळावर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून बावीस वर्षं नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंगात आणि भजनात आणली. पेटी-तबल्यावर म्हटलेलं भजन इंग्रजी कॅरलपेक्षा कमी ख्रिस्ती असं कोणी पाळक म्हणणार नाही. मग करंजीवरच डोळा का?

परदेशाकडून घ्यायचंच असेल तर घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि ती फोटोत येत नाही. २४ च्या रात्री पुष्कळ जर्मन घरांत काय जेवतात? बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. बस्स. भाजलेलं बदक आणि लाल कोबी हा थाट २५ किंवा २६ ला. ते दोन्ही दिवस सुट्टीचे. २४ ला दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, संध्याकाळी चर्च, मग भेटवस्तू. म्हणून सॅलड सकाळीच करून ठेवतात. चार-पाच तास मुरलं की ते उलट चांगलं लागतं. सॉसेज गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. पाणी खळखळ उकळलं की ते फुटतात, एवढीच काय ती काळजी. स्वयंपाक करणारी बाई चर्चमध्ये सगळ्यांबरोबर बसलेली असते.

भुसावळ-जळगावच्या घरांत २० तारखेपासून तळण सुरू होतं. २४ च्या रात्री कॅरलवाले दारात, त्यांचा चहा. २५ ला पहाटे मटण चुलीवर. घरची बाई उपासनेला पोचते तेव्हा शेवटचं गीत चालू असतं. पाळकांचा आशीर्वाद तेवढा पदरात पडतो. झाड लावायचं की नाही यावर तास-तास बोलणारे याबद्दल बोलत नाहीत.

आणि बटाट्याच्या सॅलडचा जोडीदार आपल्या घरात आधीच आहे: भरीत. डिसेंबर हा भरताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. यावल तालुक्यातल्या बामणोदची फिकट हिरवी-पांढरी वांगी घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. त्यांची साल पातळ, बिया कमी, म्हणून गर कडू होत नाही. चौघांना एक किलो वांगी. कपाशीच्या काड्यांवर भाजा, सोला, आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि पंधरा-वीस लसूण पाकळ्यांबरोबर लाकडी उखळीत ठेचा. मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याची चटणी होते. इथवरचं काम २४ च्या सकाळी उरकतं. संध्याकाळी पाव वाटी तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळून गर परतायचा. कांद्याची पात मात्र शेवटी, वाढायच्या आधी. सकाळीच घातली तर पाणी सुटतं आणि वास बदलतो. बरोबर पुऱ्या ठेवा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कितीही आवडली तरी ती गरमच खायची, म्हणजे कोणीतरी पुन्हा तव्यापाशी उभं.

जर्मनीत हेच भरीत जड जातं. दुकानातलं वांगं काळं, जाड सालीचं, पाणीदार. टोचे मारून २२० अंशांवर ४५ मिनिटं भाजावं लागतं. टोचे विसरलात तर ओव्हनमध्ये स्फोट. गर अर्धा तास चाळणीत निथळवायचा. धुरासाठी कोळशाचा निखारा ठेवायचा तर छतावर धुराची घंटा, आणि ती घरात असणं कायद्यानेच सक्तीचं. ज्यांच्या शिवारात काड्यांचा ढीग पडलाय त्यांनी अख्ख्या कोंबडीसाठी ओव्हन शोधावा, हे इथून फार विचित्र दिसतं.

मटणही २४ लाच करून थंड झाल्यावर फ्रिजमध्ये टाका. काळ्या मसाल्याचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्तच चांगला लागतो. २५ ला फक्त नीट उकळी आणायची.

राहिला केक. तो २२-२३ तारखेलाच करा. सहा इंची डब्याला दीडशे ग्रॅम मैदा, शंभर-शंभर ग्रॅम साखर आणि लोणी, दोन अंडी, एक चमचा बेकिंग पावडर. सुकामेवा रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवून, निथळून, चमचाभर मैद्यात घोळवा, नाहीतर सगळा तळाशी बसतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला दोन वाट्या मीठ, दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडू नका, मधोमध खड्डा पडतो.

एक डबा बिनअंड्याचा वेगळा हवाच, कारण ताट तुळशीपूजन करणाऱ्या शेजारणीकडेही जातं. दोन अंड्यांऐवजी एक पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं. जळगावात ते शोधावं लागत नाही. पाव चमचा खायचा सोडा जास्त घाला आणि दहा मिनिटं अधिक ठेवा. केळ्याचा केक ओलसर असतो, सुरी लगेच कोरडी निघत नाही.