‘जॅममध्ये एसी बंद करा’ : इलेक्ट्रिक गाडीबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

मे महिन्यात मावशीला परळच्या रुग्णालयातून तपासणी करून नाशिकला परत आणत होतो. कसारा घाटाच्या अलीकडे एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला आणि आम्ही सव्वादोन तास एकाच जागी अडकून पडलो. मावशी अडुसष्ट वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आहे. गाडी थांबून पाच मिनिटेही झाली नसतील, तोच ती म्हणाली, “अरे, एसी बंद कर आधी. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय.” मी समजावू लागलो, तोवर तिने स्वतःच बटण दाबले आणि काच खाली केली. शेजारी उभ्या असलेल्या डंपरचे इंजिन चालूच होते. त्याचा धूर आणि डांबरावरून येणारी धग, दोन्ही आत आली. दहा मिनिटांत तिचा पदर मानेला चिकटला, ओठ कोरडे पडले आणि ती पाण्याची बाटली हातात धरून नुसती बसून राहिली. बॅटरीचा आकडा त्या वेळी ५८ टक्के होता.

हा मेसेज तिला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता आणि गेल्या काही महिन्यांत तो माझ्यापर्यंत आणखी तीन ठिकाणांहून पोहोचला आहे. त्याचा सारांश असा : कंपन्या सांगतात त्याच्या निम्मीही रेंज मिळत नाही, कसारा घाट चढताना ४० टक्के बॅटरी उतरते, ट्रॅफिक जॅममध्ये एसी चालू राहिला तर तीन तासांत बॅटरी संपते, दारे आपोआप लॉक होतात आणि आतली माणसे गुदमरतात, म्हणून जॅम लागताच एसी बंद करावा, पावसाच्या पाण्यात गाडीला करंट येतो आणि ती पेट घेते, थंडीत रेंज निम्मी होते, पाच वर्षांत बॅटरी भंगारात जाते, आणि शेवटी ही वीज नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाचीच असल्यामुळे पर्यावरणाचे नाव घेणे ढोंग आहे. मी साडेतीन वर्षे इलेक्ट्रिक गाडी वापरतो आहे. तिची बॅटरी सुमारे ४० युनिटांची आहे. वीजबिलावर आपण जे युनिट मोजतो, तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास.

जॅमचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर एखाद्याचा गाडी घेण्याचा बेत रद्द होईल. या मुद्द्याने आजारी माणसाच्या जिवावर बेतू शकते. उभ्या गाडीत मोटर फिरत नाही. वीज लागते ती एसीच्या कॉम्प्रेसरला, पंख्याला, डॅशबोर्डवरच्या पडद्याला आणि किरकोळ इलेक्ट्रॉनिक्सला. कडक उन्हात तापलेली गाडी थंड करताना सुरुवातीची काही मिनिटे एसी दोन-तीन किलोवॉटही घेतो, पण आतली हवा एकदा थंड झाली की सगळे मिळून एक ते दीड किलोवॉटवर भागते. म्हणजे तासाला एक ते दीड युनिट. ५८ टक्के बॅटरीत माझ्याकडे २३ युनिटे होती. दीड युनिटाचा हिशेब धरला तरी पंधरा तास एसी चालला असता. मावशीला हे बोलून पटणार नव्हते, म्हणून मी एसी पुन्हा लावला, पडद्यावरचा आकडा तिला दाखवला आणि म्हटले, “तूच लक्ष ठेव. ५० च्या खाली गेला, तर मी स्वतः बंद करतो.” तिने खरोखरच शेवटपर्यंत लक्ष ठेवले. सव्वादोन तासांनी ट्रेलर बाजूला झाला, तेव्हा आकडा ५२ होता. सहा टक्के, म्हणजे सुमारे २.४ युनिटे. तिचा चेहरा तोवर पूर्ववत झाला होता.

याच जॅममध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या आणि इंधन जाळत होत्या. ज्याच्या टाकीत रिझर्व्हचे पेट्रोल उरले आहे, त्याची गाडी जॅममध्ये बंद पडू शकते आणि ज्याच्या बॅटरीत पाच टक्के उरले आहेत, त्याचीही पडू शकते. दोघांनीही तशा अवस्थेत घाटाच्या तोंडाशी येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. दारांबद्दल बोलायचे, तर लॉक, दिवे आणि पडदा यांना वीज देणारी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी इलेक्ट्रिक गाडीतही असते आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आतली कडी ओढली की दार यांत्रिकरीत्या उघडते. काही महागड्या गाड्यांत दाराचे हँडल विजेवर चालते हे खरे आहे, पण त्यांत आणीबाणीसाठी सहसा हाताने ओढायची वेगळी कडी दिलेली असते. ती कुठे आहे, हे गाडी घेतली त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावे. उन्हाळ्यात हृदयाच्या रुग्णाला, लहान मुलाला किंवा गरोदर बाईला जॅममध्ये एसी बंद करून बसवण्याचा सल्ला मात्र कोणत्याही गाडीसाठी चुकीचा आहे, आणि ज्यांनी तो न वाचता पुढे पाठवला त्यांनी आपापल्या ग्रुपवर तो चुकीचा असल्याचे लिहावे, अशी माझी स्पष्ट अपेक्षा आहे.

घाटाचा हिशेब तर शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. कसारा ते इगतपुरी हा चढ साधारण ३०० मीटरचा आहे. तीन माणसांसह गाडीचे वजन १,६५० किलो धरले, तर एवढे वजन तेवढ्या उंचीवर न्यायला जवळपास १.३५ युनिट ऊर्जा लागते. मोटर आणि गिअरमधला तोटा धरून ती पावणेदोन युनिटे म्हणू. ४० युनिटांच्या बॅटरीत हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत आहे. तेवढे अंतर तोडायला सपाट रस्त्यावरही लागणारी वीज त्यात मिळवली, तरी मेसेजमधले ४० टक्के कुठूनही निघत नाहीत. मुंबईला जाताना हाच घाट उतरताना मोटर उलट काम करून वीज तयार करते आणि चढताना गेलेल्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. पायथ्याशी पोहोचल्यावर टक्केवारी घाटमाथ्यापेक्षा एकाने वाढलेली मी अनेकदा पाहिली आहे. डिझेल गाडीत तीच ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते.

रेंजच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. ब्रोशरवरचा मोठा आकडा रस्त्यावर मिळत नाही. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) नावाच्या ठरावीक चाचणीत काढलेला असतो. ही चाचणी १,१८० सेकंदांची, तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी वेग तिशीच्या थोडा वर, आणि एसी बंद. नाशिककराने एवढ्या हळू, एसी न लावता कुठे जायचे? म्हणून त्या आकड्यावर गाडी विकणाऱ्या विक्रेत्यांवर माझाही राग आहे. परंतु पेट्रोल गाड्यांचे लिटरला अमुक किलोमीटर हे प्रमाणित आकडेही अशाच चाचणीतून येतात आणि ते रस्त्यावर मिळत नाहीत म्हणून पेट्रोल गाडी फसवणूक आहे, असे कोणी म्हणत नाही. शिवाय आता खरा आकडा लपवलेलाही नाही. टाटाने ४५ युनिटांच्या नेक्सॉनसाठी चाचणीचा आकडा ४८९ किलोमीटर दिला आहे आणि त्याच्याच जोडीला, ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा ३५० ते ३७० किलोमीटरचा अंदाजही स्वतःच जाहीर केला आहे. हे प्रमाण सुमारे ७२ ते ७६ टक्के पडते. ‘निम्मीही नाही’ हे विधान इथेच कोसळते. मी स्वतः ब्रोशरचा आकडा वाचतच नाही. बॅटरीची युनिटे बघतो आणि एका युनिटाला साडेसहा किलोमीटर धरतो. ४० युनिटांना २६० किलोमीटर झाले, त्यातले वरचे आणि खालचे दहा-दहा टक्के सोडले की दोनशेच्या थोडा वर असा आकडा उरतो. लांबच्या प्रवासाचे नियोजन मी त्याच आकड्यावर करतो.

त्यावरून नाशिकहून कुठे सहज जाता येते हे लगेच कळते. मुंबई, शिर्डी, धुळे एका दमात. पुणे २१० किलोमीटर, म्हणजे काठावर. तिथे मी नारायणगावच्या आसपास चहाला थांबतो आणि वीस मिनिटे चार्जिंग लावतो. मावशीच्या परळच्या फेरीला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर होतात, तेव्हा मुंबईत एकदा चार्ज करावेच लागते. तिची तपासणी चालते त्या वेळात ते होते, पण चार्जर चालू आहे का, हे निघण्यापूर्वी ॲपवर पाहावे लागते आणि कधी कधी ॲपवर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असतो. हा त्रास खरा आहे. त्याहून मोठा फरक वेगाचा आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० च्या तुलनेत १२० ला तो सव्वादोनपट होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. तिथे मी सिन्नरहून छत्रपती संभाजीनगरकडे एकदा त्या वेगाने गेलो आणि युनिटाला पाच किलोमीटरही मिळाले नाहीत. परत येताना ९० वर आलो आणि साडेसहा मिळाले. गाडी तीच, रस्ता तोच.

पावसाबद्दल थोडक्यात. या गाड्यांच्या बॅटरीला सामान्यतः आयपी-६७ दर्जाचे आवरण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी जाऊ नये अशी त्याची चाचणी झालेली असते, आणि कुठेही विजेची गळती जाणवली तर गाडी उच्च दाबाची वीज आपोआप तोडते. गोदावरीला पूर आला आणि गाडी काठावर बुडाली, तर तिला चार्जिंग लावू नये, ओढून सेवा केंद्रात न्यावी. बुडालेल्या डिझेल गाडीलाही आपण स्टार्टर मारत नाही. आगीबद्दल मात्र एक गोष्ट मान्य. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या नाशिकमध्येच कंटेनरवर चढवलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या होत्या आणि त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने समिती नेमली आणि बॅटरीचे सुरक्षा निकष डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. जळालेल्या स्कूटरचे ते फोटो आजही प्रत्येक फॉरवर्डबरोबर कारचे म्हणून फिरवले जातात, ते मात्र खोटे आहे. थंडीचा मुद्दा बर्फाळ देशांतून जसाच्या तसा उचललेला आहे. निफाडच्या कडाक्याच्या पहाटेही मला रेंजमध्ये काही टक्क्यांपलीकडे फरक दिसलेला नाही.

बॅटरी पाच वर्षांत भंगारात जाते म्हणणाऱ्याने वॉरंटीचा कागद वाचलेला नाही. आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, ही आपल्याकडची रूढ वॉरंटी आहे. गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीने २०२४ मध्ये हजारो इलेक्ट्रिक वाहनांच्या आकडेवारीवरून बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्क्यांनी घटते असे मांडले. आठ वर्षांत ती घट चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. उष्ण हवेत आणि रोजच्या फास्ट चार्जिंगने घट जास्त होते, हेही खरे, म्हणून मी घरी हळू चार्ज करतो आणि रोज ८० टक्क्यांवर थांबतो. कोळशाबद्दल, वाहनांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०२१ चा अभ्यास आहे. त्यात भारतातील कोळशाची वीज आणि बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन धरूनही इलेक्ट्रिक कारचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोल कारपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी निघाले. युरोपात ही बचत ६६ ते ६९ टक्के आहे. म्हणजे एकलहऱ्याच्या धुराड्यामुळे फायदा कमी होतो, नाहीसा होत नाही.

ज्या गोष्टीवर खरोखर सगळे अवलंबून आहे, ती या मेसेजमध्ये नाहीच. ती म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरचा प्लग आहे की नाही. माझा अंबड औद्योगिक वसाहतीपर्यंतचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन ३५ किलोमीटर आहे. त्याला लागणारी सहा युनिटे १६ अँपिअरच्या प्लगवर दोन तासांत भरतात. त्यासाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्यावे लागते. एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरू नये, कारण तासन्‌तास चालणाऱ्या भाराने तो वितळतो. चार्जिंगमधला तोटा धरून शंभर किलोमीटरला १७ युनिटे आणि युनिटाला १२ रुपये धरले, तर खर्च २०४ रुपये. पेट्रोल शंभराच्या वर असताना लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्याच अंतराला सातशे रुपये घेते. पण सगळे चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर करायचे असेल, तर तिथला दर घरच्यापेक्षा खूप जास्त असतो आणि त्यातली बरीच बचत संपते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे, तरीही आमच्या सोसायटीने मला सात महिने झुलवले. ज्यांना पार्किंगच नाही, गाडी रस्त्याकडेला लावावी लागते किंवा दर आठवड्याला नागपूरला जावे लागते, त्यांनी आज ही गाडी घेऊ नये. ज्यांना चार-पाच वर्षांनी गाडी विकायची आहे, त्यांनी पुनर्विक्रीला पेट्रोल गाडीपेक्षा कमी किंमत येईल, हे धरूनच हिशेब करावा.