विजेतेपद फक्त बॅटिंगचं नाही

पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल विजेतेपदाचं सगळं श्रेय तुमच्या लेखात होमरनना (चेंडू मैदानाबाहेर मारून काढलेल्या धावांना) दिलंय, ते पटलं नाही. 43 फुटांवरून ताशी 95 किलोमीटरने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरजवळच्या प्लेटवर पोचतो. सात इनिंगचे सामने चेंडू टाकणारी पिचर आणि बॅटरमागे तो झेलणारी कॅचरच जिंकून देतात. दुसरं म्हणजे बंट, बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ पाडणं. धावताना गाठायच्या बेसमधलं अंतर जेमतेम 60 फूट, त्यामुळे थर्ड बेसवाली फिल्डर चेंडूसाठी पुढे धावते, सेकंडवाली फर्स्ट बेस झाकते. बहुतेक संघ इथेच चुकतात: मोकळा पडलेला थर्ड बेस शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरने) घ्यायचा, हे ठरलेलंच नसतं, आणि रनर फुकट पुढे सरकते. आणि हो, आपल्या कडक मैदानांवर सरावाआधी इनफील्डला (बेसच्या आसपासच्या भागाला) पाणी माराच, नाहीतर चेंडू वेडावाकडा उसळतो!