मावशी पानं खाते

वाघ उपाशी मरेल पण गवत खाणार नाही म्हणतात. त्याच्या मावशीबद्दल मात्र ही म्हण साफ गप्प आहे, आणि का ते मला आता कळलंय, कारण आमच्या घरची मावशी, नाव चिंगी, वजन साडेतीन किलो, रोज पहाटे चार वाजता उठून माझी बाग खाते.

बाग म्हणजे काय, खिडकीपाशी आठ-दहा कुंड्या. मनी प्लांट, अरेका पाम, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट, असलं सगळं. मांजर आणायच्या आधी बायको म्हणाली होती की बाबा दोन्हीतलं एकच काहीतरी ठेव. मी म्हटलं अगं मांजर हा मांसाहारी प्राणी, ती कशाला पाल्याला तोंड लावेल. हे वाक्य ती आता आठवड्यातून दोनदा तरी मला ऐकवते, तेही माझाच आवाज काढून.

आणि मांजर डोळे मिटून दूध पितं वगैरे काही खरं नाही हां. दुधाचं माहीत नाही, पानं तरी ती माझ्याकडे टक लावून बघत खाते. मी "चिंगेऽ" म्हणून ओरडलो की चावायची थांबते, पान तोंडातच, मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो, आणि माझी नजर हलली रे हलली की करर्र.

उपाय सगळे केले. मांजरांना संत्र्याचा वास आवडत नाही म्हणून कुंड्यांत साली टाकल्या, तर तिनं त्यातली एक बाहेर काढून घरभर फुटबॉल खेळला, सोफ्याखाली अजून दोन साली सापडायच्या आहेत. कुणीतरी सांगितलं तिखट टाका, पण तेच पाय चाटून डोळ्याला लावणार, मला नाही जमलं ते. सुगंधी तेलं तर बरीचशी मांजरांना विषारीच असतात म्हणून तीही बाद. मग पाण्याचा फवारा आणला. त्यातून ती एवढंच शिकली की पाणी या माणसातून येतं आणि हा माणूस रात्री झोपतो. शेवटी कुंड्या छताला टांगल्या. आता ती आधी पडद्यावर चढते, मग टांगलेल्या कुंडीत उतरते. म्हणजे झाडाचं नुकसान तेवढंच, वर पडदा फुकट गेला.

एका सकाळी मात्र ती तोंडातून लाळ गाळत, पंजानं तोंड घासत बसलेली दिसली. माझे हातपाय गळाले, तसाच डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी विचारलं, "कुठलं झाड? पान नुसतं चावलंय की गिळलंय?" आता मला काय माहीत, मी झोपलो होतो ना. मनी प्लांट निघाला. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात आणि आग होते. मॉन्स्टेरा, पीस लिली, डिफेनबॅकिया सगळ्यांचं हेच. खऱ्या लिलीचं तर त्याहून वाईट, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराच्या किडन्या जाऊ शकतात. हे ऐकल्यापासून आमच्याकडे कुणी बुके घेऊन आलं की मी दारातच कस्टमवाल्यासारखा तपासतो.

चिंगी संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाली. मी नाही झालो. मनी प्लांट आईकडे रवाना. स्नेक प्लांटमध्येही पोट बिघडवणारं सॅपोनिन असतं, म्हणून तो बाथरूममध्ये, दार चोवीस तास बंद, आणि बायको म्हणते की दात घासताना कुणीतरी मागे भाला घेऊन उभं आहे असं वाटतं.

मग वाचलं की हे खाणं तसं नॉर्मलच आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी हजारावर मांजरवाल्यांना विचारलं, तर ७१ टक्के लोकांनी आपल्या मांजराला निदान सहा वेळा तरी पाला खाताना पकडलं होतं. त्यांचा अंदाज असा की रानातल्या पूर्वजांना पोटातले जंत बाहेर काढायला याचा उपयोग व्हायचा, ती सवय राहिली. म्हणजे माझ्या अरेकाची जी चाळण झालीय ती वाडवडिलांची परंपरा! बरं, चिंगीला जंतांचं औषध मी स्वतः देतो, वेळेवर, दोन ओरखडे खाऊन, तरी हिची परंपरा चालूच.

खास तिच्यासाठी म्हणून गहू पेरले. आठ-दहा दिवसांत हिरवंगार गवत आलं, मी कौतुकानं तिच्यापुढे ठेवलं. तिनं वास घेतला, एक चक्कर मारली आणि त्यात जाऊन बसली, अंडी उबवायला बसल्यासारखी. झोपायला जागा छान झाली तिला.

तर आता बाथरूमबाहेर उरलेत फक्त अरेका आणि स्पायडर प्लांट, दोन्ही मांजराला बिनविषारी, दोन्ही न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखे दिसणारे. काल पहाटे परत करर्र करर्र सुरू झालं. बायको दचकून उठली, "अरे ऊठ, खातेय बघ काहीतरी!"

मी डोळे न उघडता जरा कान दिला. अरेका असला की कागद फाडल्यासारखा आवाज येतो. हा बारीक होता, ओलसर.

"स्पायडर प्लांट आहे," म्हटलं, "झोप."