कोयनेचा भूकंप आणि ‘कमकुवत’ पुरावा : पाटणच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

‘११ डिसेंबरच्या पहाटे आमचं घर पडलं. धरणामुळे भूकंप झाला हे जगानं मान्य केलंय आणि तुम्ही साताऱ्यात बसून पोरांना तो पुरावा कमकुवत म्हणून शिकवता. असली कोडी सोडवून कोण अधिकारी होणार?’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग रास्त आहे. मी नीट उलगडून सांगितलं नाही, ही चूक माझी.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या लेखातला उतारा आणि प्रश्न असा होता: कोयनेत १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं. त्याआधी तिथे भूकंपाच्या नोंदी नाहीत. १९६७ मध्ये मोठा भूकंप झाला. म्हणून तो धरणामुळेच झाला. हा युक्तिवाद सर्वांत कमकुवत करणारं विधान कोणतं? माझं उत्तर होतं, ‘धरणापूर्वी त्या परिसरात भूकंपमापक नव्हते.’

यंत्रच नसेल तर नोंद कुठून येणार? जमीन शांत होती हे त्यावरून ठरत नाही. कोयनेला यंत्रं बसली ती पाणी साठून धक्के जाणवू लागल्यावरच. या विधानानं उताऱ्याचा एक आधार काढून घेतला, पण निष्कर्ष खोटा पाडला नाही. मुलं इथेच फसतात. निष्कर्ष खरा आहे हे आधीच ठाऊक असलं की दिलेला पुरावा तपासायचंच राहून जातं.

आता तुमच्या बाजूनं. शास्त्रज्ञांची खात्री ‘आधी धरण, मग भूकंप’ एवढ्यावर पटलेली नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की त्यानंतर धक्के वाढतात, हे वर्षानुवर्षं दिसत गेलं. धक्के जलाशयाजवळच्या लहानशा पट्ट्यातच होत राहिले. आणि मला सर्वांत वजनदार वाटतो तो वारणेचा पुरावा: कोयनेच्या दक्षिणेला, वारणा नदीवरच्या चांदोलीच्या धरणात १९८५ पासून पाणी साठू लागलं आणि १९९३ च्या सुमारास वारणेच्या बाजूलाही धक्क्यांचा जोर वाढला. दुसऱ्या धरणानंतरही तेच घडलं, म्हणून निव्वळ योगायोग म्हणणं अवघड झालं.

तरीही उताऱ्यातला ‘धरणामुळेच’ मधला ‘च’ मला खटकतो. खडकात ताण आधीपासून होता, पाण्यानं तो सुटायला निमित्त दिलं, अशी आजची समजूत आहे. सगळाच ताण धरणानं निर्माण केला असता, तर प्रत्येक मोठ्या धरणाखाली जमीन हादरली असती.

अधिकारी होण्याचं म्हणाल, तर यातलीच एखादी मुलगी उद्या तहसीलदार होईल. दरड कोसळलेल्या वाडीचा पंचनामा कागदावर नसेल, तेव्हा ‘नोंद नाही म्हणजे नुकसान नाही’ असं तिनं म्हणू नये. नोंद करायला तिथे कुणी गेलं होतं का, हे तिनं आधी विचारावं. त्यासाठीच हा प्रश्न मी घेतला.

तुमचा अनुभवही पुरावाच आहे. घर पाडणारा धक्का कुणाच्याही स्मरणात राहतो. बारीक धक्के मात्र यंत्रालाच कळतात. म्हणून धरणापूर्वी मोठे धक्के नव्हते, असं जुनी माणसं सांगत असतील तर त्याला वजन आहे. लेखात आज दोन बदल केलेत: ‘कमकुवत’च्या जागी ‘या उताऱ्यापुरता अपुरा’ असं लिहिलंय आणि निष्कर्ष बळकट करणारं विधान म्हणून वारणेचा वेगळा प्रश्न जोडलाय.

तुमच्या आईवडिलांनी धरणाआधीच्या एखाद्या धक्क्याची आठवण कधी सांगितली होती का, तेवढं जरूर कळवा.