शॉक घेतला म्हणून गोळ्या सुटत नाहीत

गणपतीला चाकरमानी गावाला आले तसा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेजही आला: 'स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला शॉक देतात म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. शॉकने मेंदू जळतो. बांधून ठेवून देतात. आणि एकदा शॉक घेतला की गोळ्या बंद.' राजापूरपासून सावंतवाडीपर्यंत लोक तो पुढे ढकलतायत.

हात टेकले? दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे घेऊनही स्किझोफ्रेनियातले भास आणि संशय जात नसतील, तर क्लोझापिन नावाचं औषध देतात. तेही कमी पडलं, तर त्याच्या जोडीला ईसीटी, म्हणजे शॉक. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात क्लोझापिनने लक्षणं न उतरलेले 39 पेशंट होते. जोडीला ईसीटी मिळालेल्यांपैकी निम्म्यांची लक्षणं आठ आठवड्यांत बरीच उतरली, नुसत्या क्लोझापिनवर एकाचीही नाही. पण तिथे कोणाला खोटा शॉक (भूल द्यायची, करंट नाही) दिला नव्हता. पुढे ब्राझीलमध्ये खोट्या शॉकशी तुलना करणारी छोटी चाचणी झाली, तीत फरक दिसला नाही. म्हणजे हमखास इलाज नव्हे, पण बाकी सगळं करून झालेल्या माणसासाठी विचारात घ्यावा असा नक्कीच.

मेंदू जळत नाही. भूल देऊन काही सेकंद करंट देतात, त्याने येणारी फीट बहुधा मिनिटभरात थांबते. विसरायला होतं, हे मात्र खरं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, काहींच्या जुन्या आठवणींत खाच राहते. संमतीची सही करण्याआधी हे डॉक्टरांना विचाराच.

बांधून? भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्याला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. साखळीने बांधायलाही. (ती साखळी अजून काही घरांच्या पडवीत असते, त्यावर कोणी मेसेज करत नाही.)

सगळ्यात घातक ते शेवटचं वाक्य. शॉकचा गुण टिकवायला गोळ्या लागतातच. देवाला कौल लावायचा तर लावा, गाऱ्हाणं घाला, पण क्लोझापिन चुकवू नका, आणि पांढऱ्या पेशींची रक्ततपासणीही चुकवू नका. पहिले 18 आठवडे ती दर आठवड्याला करायची असते. पावसात घाट बंद पडतो, म्हणून गोळ्यांचा साठा आधीच करा. तरीही दोन दिवसांहून जास्त खंड पडलाच, तर जुना डोस एकदम सुरू करायचा नाही. रक्तदाब कोसळू शकतो. आधी डॉक्टरांना फोन. ते पुन्हा अगदी थोड्यापासून, साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत नेतील.